दीपगृहात कुलूपवाला

"भिंगाच्या खोलीचं दार उघडत नाहीये," आल्या आल्या ती म्हणाली आणि पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली.

दादाची मान वळली नाही. मान वळवण्याचं काम त्याने कधीचंच डोळ्यांवर सोपवलं होतं. डोळे तिच्याकडे आले, चपलांपासून कपाळापर्यंत फिरले आणि पुन्हा संगणकाच्या पडद्यावर गेले.

"कधीपासून?"

"सकाळी जायच्या आधी पाहिलं. कंदील आधी उचलला आणि मग किल्ली लावली, तर नाही उघडत. किल्ली आधी लावली, तर उघडतं."

"बरं. बघतो उद्या."

आई आतून हात पुसत आली. कुठलं दार, मागचं का, सुताराला बोलवायचं का, असं तिने विचारलं. दोघं हसले. हसा हसा, मला काय कळतंय तुमच्या त्या घरातलं, असं म्हणत ती दादाच्या पाठीखालची उशी सारखी करायला लागली.

दार उघडत होतं. सकाळी चहाचा कप हातात धरून उभ्या उभ्या तिने ते सगळ्या तऱ्हांनी उघडून पाहिलं होतं. आधी कंदील, आधी किल्ली, दोन्ही हातात नसताना, दोन्ही असताना. प्रत्येक वेळी ते व्हायला हवं तेच करत होतं. कप विसळून ठेवताना तिने ही तक्रार मनाशी जुळवली आणि चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचांच्या कडा घासताना ती घोटून पक्की केली. संध्याकाळी ती न अडखळता बोलली.

अशी तक्रार करण्याची ही पहिली वेळ नव्हती. गेल्या पावसाळ्यापासून तिने जिन्याबद्दल केली होती, होकायंत्राबद्दल केली होती, बोलता बोलता मध्येच गप्प होणाऱ्या पोपटाबद्दल केली होती. पोपट तर एकदाही गप्प झाला नव्हता.

लहानपणी त्यांच्या घरी एक संगणक आला, मामाच्या ऑफिसने टाकायला काढलेला. त्याच्यासोबत दोन खेळ आले. दोन्हींचे पुढे अनेक भाग निघाले आणि त्या काळात दोन्हींना मानणारी मंडळी जगभर होती. एका खेळात एक दीपगृह होतं आणि ते राखणारी एक बाई. ती फार बोलत नसे. बुडालेल्या बेटाचा शोध घेत ती जिने चढायची, कपाटं उघडायची, खिडकीतून समुद्राकडे बघायची. दुसऱ्यात एक कुलूपवाला होता. जमिनीखालच्या नगरात कुणाच्याही घराचं कुलूप उघडून आत शिरायचा आणि सगळ्यांशी वाद घालायचा.

दादाला राखणदारीण आवडायची, तिला कुलूपवाला. भांडणाचं कारण वेगळंच होतं. राखणदारिणीच्या खेळात कुणी मरत नसे. कड्यावरून चालवली, तरी ती कडेशी थांबायची आणि म्हणायची, नको. कुलूपवाला मात्र पावलोपावली मरायचा. चुकीचं दार उघडलं की मेला, चुकीच्या माणसाला नमस्कार केला की मेला, पायपुसण्यावर पाय पुसायचा विसरला तरी मेला. मेल्यावर पडद्यावर एक टोमणा यायचा आणि खेळ पहिल्यापासून सुरू. ती हसून लोळायची. त्याला मुद्दाम मारायची. दादाला ते बघवत नसे. हा काय खेळ आहे, म्हणायचा, यात काय शहाणपण. ती म्हणायची, तुझी बाई कधी मरतच नाही, मग तिला भीती कसली, आणि भीती नाही तर मजा कसली.

पुढे दादा पाणीपुरवठा खात्यात कारकून झाला. तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. ती चष्म्याच्या दुकानात लागली. मग दादाच्या हातातून कप पडायला लागले, जिन्यावर पाय अडायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि तो कोणत्या क्रमाने काय काय नेतो तेही सांगितलं. पाय, हात, मान, आवाज, श्वास. आजाराने आतापर्यंत क्रम मोडला नव्हता.

खुर्ची चाकांची झाली, तेव्हा दादानेच विषय काढला होता. लोक जुन्या खेळांचा सांगाडा घेतात, त्यात आपली चित्रं, आपली माणसं, आपली वाक्यं घालतात आणि नवा खेळ करून फुकट वाटतात. त्याला मॉड म्हणतात. आपण दोघांना एकत्र आणू, म्हणाला. कुलूपवाल्याला दीपगृहात पाठवू. ती म्हणाली होती, तुझी बाई त्याला दारात उभं करणार नाही. तो म्हणाला होता, म्हणून तर त्याला कुलूप उघडता येतं.

कामाची वाटणी सरळ होती. तो लिहायचा, म्हणजे संवादही आणि खेळाला चालवणाऱ्या आज्ञाही. ती चित्रं काढायची, एकेक ठिपका भरून, जुन्या खेळांत होते तेवढेच मोजके रंग वापरून. तिला कामाने त्याची सवय होती. दुकानातही तिचा दिवस केसाएवढ्या चुकीमागे जायचा. खेळून बघणं तिच्याकडेच होतं, कारण माऊस हलवायला पंजा लागतो आणि दादाकडे आता उजव्या हाताचा अंगठा तेवढा उरला होता. पडद्याच्या खालच्या बाजूला अक्षरांची रांग सरकत राहायची. हवं ते अक्षर चौकटीत आलं की त्याने अंगठ्याखालचं बटण दाबायचं. एक ओळ लिहायला कधी कधी सकाळ जायची.

त्यांनी काही चित्रं इंटरनेटवर दाखवल्यावर दोन्ही खेळांची मंडळी गोळा झाली होती. कुठल्या कुठल्या गावची माणसं, टोपणनावांनी लिहिणारी. सुरुवातीला त्यांच्यात राखणदारिणीचे आणि कुलूपवाल्याचे असे तट पडले, मग सगळे मिळून एकच प्रश्न विचारायला लागले. शेवट कधी? ती उत्तर द्यायची, चालू आहे, थोड्या चुका निघाल्यात.

चुका निघत नव्हत्या, तिला त्या काढाव्या लागत होत्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला दवाखान्याच्या बोळात डॉक्टरीण बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की छातीचे स्नायू ढिले पडायला लागलेत, थंडीत जपायला हवं. ती बसने घरी आली, तर दादा खुशीत होता. म्हणाला, शेवटच्या प्रसंगाचं सगळं लिहून झालं, आता तुझं एक चित्र आलं की संपलं. संपलं हा शब्द त्याने सुटल्यासारखा उच्चारला. हा माणूस त्या चित्रासाठी थांबलाय, असं तिच्या मनाने घेतलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्याजोगं नव्हतंच. पण दुसऱ्या दिवशी तिने पोपटाची तक्रार केली.

तिच्या प्रत्येक तक्रारीवर दादा बघतो म्हणायचा आणि एक-दोन दिवसांनी दुरुस्त केलं म्हणायचा. ती खेळून बघायचं नाटक करायची आणि सांगायची, हो, आता ठीक चाललंय. त्या अंगठ्याने दिवसभर काय सोसलं असेल, हा विचार तिला दुकानात यायचा. यंत्रावर काच घासताना यायचा, आणि मग काच वाया जायची. मालक तिच्याकडे बघायचा आणि दुसरी काच पुढे सरकवायचा.

शेवटच्या प्रसंगावरून त्यांची खरी भांडणं रविवारी सकाळी व्हायची, आई बाजारात गेली की. दादाने लिहिलं होतं ते असं: वादळ येतं, दीपगृह खचायला लागतं, खाली होडी आहे. राखणदारीण कुलूपवाल्याला होडीत बसवते आणि स्वतः दिवा तेवत ठेवायला वर जाते. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत दिवा दिसत राहतो. पुढे काय ते खेळ सांगत नाही.

"दोघं का नाही जात?" ती विचारायची.

"होडीत एकच जागा आहे."

"चित्र मी काढणार आहे. मी दोन काढते."

"काढ की. चार काढ, गादी घाल. मी एकालाच बसवणार."

"तुझ्या खेळात कुणी मरत नाही, असा नियम होता ना?"

"ती मरते असं कुठे लिहिलंय मी?" त्याचे शब्द आता कडेला विरघळायला लागले होते, पण टोमणा शाबूत होता. "दिवा चालू आहे म्हटलं ना. वाच जरा नीट, चष्मेवाली."

"पायपुसण्यावर पाय न पुसल्याने मेलेला परवडला," ती म्हणाली. "निदान परत पहिल्यापासून सुरू करता यायचं."

अक्षरांची रांग पडद्यावर रिकामीच सरकत राहिली. मग आई आली आणि तिने विचारलं की सकाळी सकाळी कुणाचं बिनसलंय.

थंडी पडायला लागली, तेव्हा एका संध्याकाळी ती खरोखरच खेळायला बसली. तक्रार शोधायला बसली होती असंही म्हणता येईल. खोटी तक्रारसुद्धा कुठे बसेल ते बघावं लागतं. कुलूपवाला दिव्याच्या शिडीवर चढला आणि वर पोचायच्या ऐवजी भिंतीतून आरपार बाहेर गेला. समुद्रावर, हवेत उभा राहिला. पुढे जाईना, मागे येईना. तिने पुन्हा चढवला. पुन्हा तेच. शिडी ही शेवटच्या प्रसंगाची वाट होती. तिथून वर गेल्याशिवाय वादळच सुरू होत नव्हतं.

तिने दादाला सांगितलं. सराईतासारखं सांगितलं, कशानंतर काय केलं की काय होतं ते एका दमात.

"बरं," तो म्हणाला. "बघतो उद्या."

दोन दिवसांनी संध्याकाळी ती आली, तेव्हा त्याने स्वतःहून सांगितलं की शिडीचं दुरुस्त केलं. तिने चप्पल काढली, हात धुतले, माऊस हातात घेतला. कुलूपवाला शिडी चढला आणि भिंतीतून बाहेर जाऊन समुद्रावर उभा राहिला.

"नाही झालं रे," ती म्हणाली.

"काय?"

"तसंच आहे. बाहेर पडतोय अजून."

दादा तिच्याकडे बघत राहिला. खुर्ची अशी ठेवलेली असायची की त्याला पडदा नीट दिसावा, पण तो पडद्याकडे बघत नव्हता.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "हे खरं होतं?"

मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता. ती माऊस सोडून वळली. तिला आधी कळलंच नाही त्याने काय विचारलं ते. कळलं, तेव्हा ती खाली बघायला लागली.

"तू काहीच दुरुस्त करत नव्हतास?"

"दुरुस्त करायला मोडलेलं काय होतं?"

"पोपट?"

"पोपट पहिल्यापासून ठणठणीत आहे." तो श्वास घ्यायला थांबला. मग सुटे सुटे शब्द जोडत बोलत राहिला. तक्रारींच्या खिडकीवर उगाच नाही बसलो, म्हणाला. ज्याच्या नळाला खरंच पाणी नसतं तो येतो आणि अडखळतो, कालपासून म्हणतो, मग नाही परवापासून म्हणतो, शेजाऱ्यावर घसरतो, रडायला येतो. खोटी तक्रार घेऊन येणारा घरून सगळं बांधून आणतो. "तू पोपटाचं सांगितलंस ना, तेव्हाच मी म्हटलं, हिला पाणी येतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं आणि ते त्याला ठाऊक होतं. म्हणून दोघांनीही ते तिथेच सोडलं.

"मलाही तशी घाई नव्हती," तो म्हणाला. "बरं चाललं होतं. तू संध्याकाळी येऊन रोज काहीतरी मोडायचीस."

"आणि शिडी? ती का नाही ओळखलीस?"

"खरी तक्रारही तू खोट्यासारखीच केलीस. सवय लागली तुला."

ती हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. दादाने डोळे मिटून घेतले. ती सावरेपर्यंत त्याने ते उघडले नाहीत.

मग त्याने तिला दुसरी गोष्ट सांगितली. ती त्याने आईलाही सांगितली नव्हती. गेल्या आठवड्यापासून अंगठा बटणावर टेकलेला असायचा, पण बटण खाली जात नव्हतं. रांग सरकत राहायची, हवं ते अक्षर यायचं आणि निघून जायचं. शिडीची तक्रार खरी आहे असं कळलं असतं, तरी त्याला ती दुरुस्त करता आली नसती. पावसाळाभर करता आली असती.

पावसाळाभर, हे त्याने तिला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण शब्द खोलीत राहिला. ती त्या रात्री जेवली नाही आणि आईने कारण विचारलं नाही.

शिडी तिनेच दुरुस्त केली, त्याने सांगितल्याप्रमाणे. आज्ञांच्या ओळींना तिने आजवर हात लावला नव्हता. तो लावू देत नसे. आता तो एकेक शब्द बोलायचा, तिला तो कळायचा नाही, ती दोन-तीन अंदाज सांगायची, बरोबर आला की तो डोळे मिटायचा. दुकानातून ती दुपारची सुट्टी घेऊन यायची, कारण संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज संपलेला असायचा. मालकाने पगार कापला नाही आणि कारणही विचारलं नाही. मध्येच दादा चिडायचा. तिने एक ओळ चुकीच्या जागी घातली, तेव्हा कुलूपवाला शिडीऐवजी पोपटावर चढला. ती हसली, पण तो हसला नाही, कारण हसण्यात त्याचा श्वास जायचा. नंतर त्याने सांगितलं की हसू आलं होतं.

एका दुपारी कुलूपवाला शिडी चढला, वर पोचला, टोपी काढली आणि राखणदारिणीकडे बघून म्हणाला, बाई, दार उघडंच होतं. वादळ सुरू झालं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला, कारण तिथे चित्र नव्हतं.

"आता तू," दादा म्हणाला.

ती त्याच संध्याकाळी काढायला बसली. आता लबाडी करायला जागा उरली नव्हती. समुद्राला तिच्याकडे चार रंग होते, खडकाला तीन. तिने खडक काढले, जिना काढला, पाण्यावर पडलेला दिव्याचा पट्टा काढला. होडीची जागा तिने मोकळी ठेवली. दादा मागून बघायचा. पाणी जास्त निळं आहे, म्हणायचा, वादळात पाणी निळं नसतं. ती निळा कमी करायची.

होडी काढायची राहिली होती, तेव्हा त्याला ताप आला. आधी सर्दीच वाटली. मग एका सकाळी ओठांचा रंग बदलला आणि शेजारचे रिक्षावाले काका त्याला खुर्चीसकट उचलून घेऊन गेले. दवाखान्यात त्याला काचेच्या दारामागे ठेवलं. आत एका वेळी एकानेच जायचं, हातात काही न्यायचं नाही, असा नियम होता. आई सकाळी जायची, ती संध्याकाळी.

आई आत असायची त्या वेळात तिने होडी काढली. घरी कुणी नव्हतं. शेजारचा रेडिओ बंद झाला, तेव्हा तिला कळलं की तो इतका वेळ चालू होता. तिने होडीत एक फळी घातली, बसायला, एकाच माणसापुरती. दुसरी घालून बघितलीही. मग ती ठिपका ठिपका करून काढून टाकली.

संध्याकाळी ती आत गेली, तेव्हा दादाच्या तोंडावर मुखवटा होता आणि यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. ती कानाशी वाकली. चित्र झालं, म्हणाली. मग तिने त्याला ते पूर्ण सांगितलं, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, जसं ती काढायची त्याच क्रमाने. ढग कुठे आहेत, जिन्याच्या किती पायऱ्या पाण्याखाली गेल्यात, दिव्याचा पट्टा कुठे तुटतो. पाणी आता जवळजवळ राखाडी केलंय. ती होडीपाशी आली.

"एकच जागा काढली आहे," ती म्हणाली.

त्याचे डोळे उघडे होते. ते मिटले. बरोबर आलं की तो डोळे मिटायचा. पण तो दमलेलाही होता, आणि दमलेला माणूसही डोळे मिटतो. नक्की काय होतं ते तिला कळलं नाही. नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. त्यानंतरच्या संध्याकाळी तिला आत सोडलं, तेव्हा यंत्र बंद करून भिंतीकडे ढकलून ठेवलेलं होतं.

लोक येऊन गेले. पाणीपुरवठा खात्यातले दोघं आले. आता तक्रारींच्या खिडकीवर बसणारा मुलगा लोकांशी भांडतो, असं त्यांनी सांगितलं. दुकान पुन्हा सुरू झालं. एका रविवारी तिने चित्र खेळात घातलं. दादाने त्याची जागा आणि नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. तिने भिंगाच्या खोलीपासून शेवटपर्यंत खेळून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, कंदील आधी उचलून, किल्ली आधी लावून, शिडीवर मध्येच थांबून. कुठेतरी काहीतरी मोडावं म्हणून ती पार दुपारपर्यंत बसली. काही मोडलं नाही. होडी किनाऱ्याला लागली आणि दिवा दिसत राहिला.

तिने खेळ मंडळींच्या हवाली केला. दादा गेल्याचं तिने त्यांना दोन ओळींत कळवलं. पुष्कळ उत्तरं आली. काहींनी शेवटाबद्दल लिहिलं. एकाने लिहिलं की तो कुलूपवाल्याच्या बाजूचा आहे, तरीही त्याला शेवट पटला. आणखी एकाने विचारलं की पहिल्या खोलीतल्या त्या सगळ्या ओळी कुणी लिहिल्या. तिला प्रश्न समजला नाही. पहिल्या खोलीत राखणदारिणीचं एकच वाक्य होतं, ती खोली केली तेव्हा तिने स्वतः वाचलेलं. आणि त्याला खूप काळ लोटला होता. ती नेहमी आदल्या वेळी थांबून जतन केलेल्या जागेपासून पुढेच खेळत आली होती.

ती बघायला बसणार, तेवढ्यात आई आली. संगणकावरची धूळ ती अजून रोज पुसायची, खुर्ची होती त्या जागेला वळसा घालूनच. आज पुसून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "ते तुमचं घर दाखव बरं मला एकदा."

तिने आईला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, चष्मा आणून दिला, माऊसवर तिचा हात ठेवला. पडद्यावरचा बाण कसा फिरतो ते दाखवलं. खोलीत राखणदारीण उभी होती. मागे भिंत, एक खिडकी, एक स्टूल, समोर दार. कशावरही बाण नेऊन दाबायचं, तिने सांगितलं, म्हणजे ती काहीतरी म्हणते.

आईने बाण घाबरत घाबरत नेला आणि तो भिंतीतल्या एका खिळ्यावर जाऊन पडला. तिने दाबलं. खाली अक्षरं उमटली. आईने ती एकेक करून मोठ्याने वाचली.

"खिळा. इथे काहीतरी टांगलेलं असायचं. काय ते याला आठवतं, मला नाही."

लेक पुढे वाकली. खिळ्याला वाक्य नव्हतं. खिळा तिने सहज काढला होता, भिंत रिकामी दिसत होती म्हणून.

आईने बाण खिडकीवर नेला. "समुद्र. काल होता तिथेच आहे." मग दोरीवर. "दोरी. ज्याने ही गाठ मारली त्याने मन लावून मारली आहे. मी सोडवणार नाही." प्रत्येक वस्तूला वाक्य होतं. तडा गेलेल्या फरशीला होतं, छताच्या कोपऱ्यातल्या सावलीला होतं, एवढ्याशा बुचाला होतं. पावसाळाभर, ती दुकानात असताना, दार आणि पोपट दुरुस्त करण्याच्या वेळात, तो इथे बसून हे करत होता. अक्षर येण्याची वाट बघत आणि बटण दाबत.

आईने स्टुलावर दाबलं. या वेळी तिने आधी मनात वाचलं, मग चष्मा वर सरकवून मोठ्याने.

"स्टूल. हे आईचं आहे. अजून तिला बसायला वेळ मिळालेला नाही."

आईचा हात माऊसवर तसाच होता. खाली कुणीतरी सायकल लावत होतं, तिची साखळी खडखडली.

"या दारातून पुढे जायचं," लेक म्हणाली. "पुढे जिना आहे. मग तो येतो, कुलूपवाला."

"जाऊ की," आई म्हणाली. "तो कोपऱ्यात डबा की काय ठेवलाय, तो बघू दे आधी."

बाण थरथरत दारावरून पलीकडे गेला आणि डब्याकडे निघाला.